जुने पिस्तूल अजून कामाचे आहे का?



आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक भाऊ राहतात. वय ८१. मूळ अलिबागकडचे, वाढले मुंबईत उमरखाडीला, आणि १९६० च्या दशकात आईवडिलांबरोबर इथे अश्दोदला आले. पुढे पंचवीस वर्षे त्यांनी मिनीबस चालवली. त्या कामामुळे त्यांना एकदाखाचा परवाना मिळाला आणि त्यांनी दुकानातून एक वापरलेले ब्राउनिंग हाय पॉवर घेतले. तेव्हापासून ते कपाटातल्या कासेफेतमध्ये आहे. देवाच्या कृपेने कधी वापरावे लागले नाही.

२०२३ च्या सिम्हा तोराच्या त्या काळ्या शनिवारनंतर देशात परवान्यांसाठी रांगा लागल्या. भाऊंच्या मुलांनीही घोशा लावला : "अब्बा, ही जुनी वस्तू देऊन टाका, नवे प्लॅस्टिकचे घ्या." भाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही इतिहासाची पुस्तके वाचता. सांगा बघू, नव्वद वर्षांपूर्वीच्या बनावटीचे पिस्तूल आज कामाचे आहे की नाही? नसेल तर नव्यावर काही हजार शेकेल घालवतो. असेल तर पोरांना गप्प करतो."

ज्येष्ठांच्या क्लबात हाच प्रश्न आणखी दोघातिघांनी विचारला. म्हणून उत्तर इथेच लिहितो. मी बंदुकांचा कारागीर नाही. पण या वस्तूंचा इतिहास पाहिला की उत्तराचा बराचसा भाग आपोआप मिळतो.

आधी शब्दाबद्दल थोडे. आज हिब्रूत पिस्तुलाला आपण एकदाख म्हणतो. हाच शब्द यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ५४ व्या अध्यायात आहे, पण तिथे त्याचा अर्थ मौल्यवान रत्न असा आहे. यरुशलेमच्या वेशी अशा रत्नांच्या होतील, असे ते वचन आहे. 'रे-ए' पर्शाच्या हाफ्तारात आपण ते दरवर्षी ऐकतो. नव्या हिब्रूने त्या रत्नाच्या नावाला पिस्तुलाचे काम लावले. काळ कसा बदलतो, ते या एका शब्दात दिसते.

पलटणीतली आठवण

आपल्या समाजाला शस्त्र नवे नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्राएलांच्या इतिहासात मुंबईच्या सैन्यातले आपले सुभेदार, जमादार, हवालदार यांची नोंद करून ठेवली आहे. मुंबईला १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेही पलटणीतलेच. त्या काळी शिपायाच्या खांद्यावर बंदूक आणि कमरेला तलवार किंवा संगीन असे. अंमलदाराच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आले ते पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर घेतले. गोळी .४५५ ची, जाड आणि जड. पहिल्या महायुद्धात हेच वेब्ली खंदकांत वापरले गेले. चिखल लागला तरी चाले, म्हणून त्याची कीर्ती मोठी. पण युद्धानंतर सैन्याने हिशेब केला. एवढ्या जड गोळीचा धक्का पेलून नेम धरायला माणसाला पुष्कळ सराव लागतो, आणि नव्या भरतीला तेवढा सराव देता येत नाही. म्हणून १९३२ मध्ये .३८ ची हलकी गोळी उडवणारे एनफिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले. दुसऱ्या महायुद्धात आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा काका हिंदी सैन्यात होते, त्यांनी बहुधा ते पाहिले असेल.

ही गोष्ट लक्षात ठेवा. वेब्लीत काही बिघाड नव्हता. सैन्याने शस्त्र बदलले ते माणसाच्या हाताकडे पाहून. लेखाच्या शेवटी याच मुद्द्यावर परत यायचे आहे.

वेब्लीचा वंश भारतात अजून चालू आहे. तिथे ९ मिमीचे पिस्तूल सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही, .३२ चे ठेवता येते. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्यात वेब्लीच्या धर्तीवर .३२ चे रिव्हॉल्व्हर तयार होते. २०१४ मध्ये त्याच धर्तीचे हलके 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीला आले. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. तेव्हा वर्तमानपत्रांनी विचारले होते की ज्या स्त्रीला रात्री बसने घरी जावे लागते, तिच्याकडे एवढे पैसे कुठून यायचे? बनावट जुनी म्हणजे वस्तू स्वस्त, असे काही नाही.

ब्राउनिंग नावाचा माणूस

आता भाऊंच्या पिस्तुलाकडे येऊ. जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ मध्ये अमेरिकेत युटामधल्या ऑग्डेन गावी झाला. वडील बंदुका दुरुस्त करत आणि मुलगा त्याच दुकानात शिकला. त्यांचे .४५ चे पिस्तूल अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या परीक्षेत एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडले नाही. तेच पिस्तूल १९८५ पर्यंत अमेरिकेचे ठराविक पिस्तूल होते.

पुढे फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्यांचे पिस्तूल हवे होते म्हणून ब्राउनिंग बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी नव्या नमुन्यावर काम करू लागले. १९२६ च्या नोव्हेंबरात लिएज इथे कामावर असतानाच त्यांचे निधन झाले. अपुरे काम दियूदोने सेव्ह या बेल्जियन कारागिराने पुरे केले. मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत बसवण्याची युक्ती त्यांचीच, त्यामुळे मुठीत १३ गोळ्या मावल्या. १९३५ मध्ये बेल्जियमने हे पिस्तूल घेतले. तेच हाय पॉवर.

१९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतला आणि तो कारखाना त्यांच्यासाठी हेच पिस्तूल बनवू लागला. सेव्ह आणि काही सहकारी इंग्लंडला निसटले. आराखडे कॅनडात पोचले आणि टोरोंटोच्या इंग्लिस कारखान्यात मित्रराष्ट्रांसाठीही हेच पिस्तूल बनू लागले. एकच हत्यार एकाच युद्धात दोन्ही बाजूंनी! युद्धानंतर ते जगभर पसरले. भारतात इशापूरच्या कारखान्यात त्याचीच भारतीय आवृत्ती बनते. ब्रिटिश सैन्याने ते २०१३ पर्यंत ठेवले, मग ऑस्ट्रियाचे ग्लॉक घेतले. इस्राएलच्या सैन्याने आणि पोलिसांनीही ब्राउनिंग वर्षानुवर्षे वापरले. भाऊंसारख्यांच्या घरात ते आले ते असे.

आता मुलांच्या 'नव्या' पिस्तुलाचे बघू. ब्राउनिंगच्या पिस्तुलात गोळी सुटताच नळी आणि वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, काही क्षण एकमेकांत अडकून मागे जातात. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, दोघे सुटे होतात, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. चेकोस्लोव्हाकियाचे १९७५ चे सीझेड याच तत्त्वावर चालते. त्या सीझेडवरून आपल्या इस्राएल मिलिटरी इंडस्ट्रीजने १९९० मध्ये जेरिको काढले. १९८० च्या दशकात आलेल्या ग्लॉकचे अंग प्लॅस्टिकचे, चाप वेगळा, पण नळी झुकण्याची रीत ब्राउनिंगचीच. आजचे इस्राएली मसादा पिस्तूलही त्याच घराण्यातले. मुले ज्याला नवे म्हणतात, ते भाऊंच्या पिस्तुलाचे नातू आहे. तेव्हा बनावट जुनी झाली म्हणून ती निकामी, हे म्हणणे टिकत नाही.

या देशातली कहाणी

इस्राएलच्या राज्यापूर्वी हागानाकडे हत्यारे कशी होती? मिळेल ते. जर्मन माउझर आणि पॅराबेलम, ब्रिटिश वेब्ली, बेल्जियन ब्राउनिंग, रशियन नागांत, कुणाचे कशाशी जुळत नसे. ब्रिटिशांची झडती यायची म्हणून ती जमिनीखाली, भिंतीत, कोठ्यात लपवलेली असत. त्या जागांना 'सलिक' म्हणत. पुष्कळ हत्यारे झिजलेली. काही हातातून पडली तर आपोआप सुटतील अशी.

पिस्तुलाच्या नळीत गोळी ठेवायची नाही, वेळ आली की काढताना स्लाइड ओढून गोळी आत घ्यायची, ही इस्राएली पद्धत जगभर प्रसिद्ध आहे. तिचे मूळ त्या गोळाबेरजेत आहे असे सांगतात. दहा प्रकारच्या पिस्तुलांना एकच सुरक्षित नियम! जुन्या ब्राउनिंगला हा नियम फार शोभतो. त्याचा घोडा आधी मागे ओढलेला असावा लागतो, नुसता चाप दाबून गोळी सुटत नाही. दुसऱ्या देशांत लोक याला दोष मानतात. इथे स्लाइड ओढताच घोडाही मागे जातो, म्हणून तो दोष राहत नाही. शिवाय फार जुन्या हाय पॉवरमध्ये पिस्तूल पडल्यास पिन अडवणारी आतली खीळ नाही, ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. नळी रिकामी असली की ही भीतीही राहत नाही.

पण पिस्तूल असले आणि काडतूस नसले तर? रेहोवोतला आयालोन संस्थेचे संग्रहालय आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी नातवंडांना घेऊन अवश्य जावे. तिथे १९४५ ते १९४८ या काळात किबुत्झच्या धोबीखान्याखाली आणि बेकरीखाली जमिनीत गोळ्यांचा गुप्त कारखाना चालला. धोबीखान्याच्या यंत्राखाली जाण्याची वाट, त्याच्याच आवाजात खालच्या यंत्रांचा आवाज बुडायचा. सुमारे ४५ तरुण-तरुणी दिवसभर भूमिगत काम करत. अंगाला ऊन लागत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दिव्याखाली बसून कातडी रापवत. गोळ्यांसाठी लागणारा धातू लिपस्टिकच्या डब्यांसाठी म्हणून आणला जाई. ब्रिटिश अधिकारी अवचित येऊ नयेत म्हणून त्यांना सांगितले, आधी कळवून या, म्हणजे बिअर थंड करून ठेवू. तिथे वीस लाखांवर गोळ्या तयार झाल्या.

त्या गोळ्या कोणत्या? ९ मिमी पॅराबेलम. ऑस्ट्रियन गेऑर्ग लुगर यांनी १९०२ च्या सुमारास काढलेले काडतूस. हागानाच्या स्टेनगनला तेच लागे. भाऊंच्या ब्राउनिंगला तेच लागते, जेरिकोला तेच, ग्लॉकला तेच. जुने पिस्तूल परवडेल का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. जे काडतूस जगभर मोठ्या प्रमाणावर बनते ते स्वस्त आणि सहज मिळते. ज्यांच्याकडे जुने ७.६५ चे लहान ब्राउनिंग आहे त्यांची गोष्ट वेगळी. पिस्तूल सुंदर असते, पण त्याची काडतुसे कमी बनतात, महाग पडतात, आणि महाग पडली की माणूस सराव टाळतो.

आणखी एक आठवण सांगतो. १९५० च्या दशकातले इटालियन बेरेटा १९५१ इस्राएलने वापरले आणि त्याच बनावटीचे पिस्तूल इजिप्तने परवाना घेऊन 'हेलवान' नावाने तयार केले. समोरासमोरच्या दोन सैन्यांच्या कमरेला एकच पिस्तूल. तेव्हा कोण जिंकले कोण हरले, ते पिस्तुलाच्या बनावटीवर ठरले नाही, एवढे तरी नक्की.

हिशेब

आता भाऊंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. जुने हाय पॉवर चांगल्या अवस्थेत असेल तर ते आजही भरवशाचे पिस्तूल आहे. पण 'चांगल्या अवस्थेत' या शब्दांत खर्च दडलेला आहे.

पहिली गोष्ट स्प्रिंगांची. लोखंड शंभर वर्षे टिकते, स्प्रिंग तेवढी टिकत नाही. मुख्य स्प्रिंग आणि मॅगझिनची स्प्रिंग वेळोवेळी बदलावी लागते. हा खर्च नव्या पिस्तुलाच्या मानाने अगदी थोडा. दुसरी गोष्ट मॅगझिनची. पिस्तूल अडते तेव्हा पुष्कळदा दोष मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत असतो. तिसरी गोष्ट गोळीच्या आकाराची. जुनी ब्राउनिंगे गोल टोकाच्या गोळीसाठी केलेली आहेत, टोकाला खड्डा असलेली नवी गोळी त्यांतली काही अडखळत घेतात. दुकानदाराला हे विचारून घ्यावे. चौथी गोष्ट सुट्या भागांची. एफएनने जुने हाय पॉवर बनवणे काही वर्षांपूर्वी थांबवले. अलीकडे अमेरिकेत आणि तुर्कस्तानात त्याच्या नकला निघाल्या. २०२२ मध्ये एफएननेही नवे काढले, पण ते आतून बदललेले आहे आणि त्याचे भाग जुन्याला बसत नाहीत. म्हणून काही बिघडले तर भाग आहे का, ते आधी पाहावे. हे सर्व परवानाधारक कारागिराकडूनच करावे. यूट्यूब पाहून स्वयंपाकघराच्या टेबलावर करू नये.

एवढे सांगून मी भाऊंना म्हटले, "पिस्तूल ठीक आहे. नवे घ्यायची गरज नाही." ते खूश झाले. पण परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्यांना मतवाखवर जायचे होते, मी बरोबर गेलो. आणि तिथे मला वेब्लीची गोष्ट आठवली.

कारागिराने पिस्तूल तपासले होते, स्प्रिंग नवी घातली होती. पिस्तूल उत्तम चालत होते. भाऊंना स्लाइड ओढता येईना. डाव्या हाताची बोटे संधिवाताने वाकडी झालेली. दोनदा ओढली, अर्ध्यावरून सुटली. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा नळीचे तोंड बाजूला वळले आणि शिकवणारा तरुण झटकन पुढे झाला. त्याने भाऊंचा हात अगदी मायेने खाली केला. म्हणाला, "साबा, थोडे बसू या." भाऊ काही बोलले नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रिकाम्या नळीचा नियम चांगला, पण तो दोन धडधाकट हात मागतो. नवे ग्लॉक घेतले असते तरी स्लाइड ओढावीच लागली असती. हाय पॉवरचे वजन नऊशे ग्रॅमच्या वर, ग्लॉक त्याहून बरेच हलके, पण हलके पिस्तूल हाताला धक्का जास्त देते. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते हे खरे, पण त्याचा चाप ओढायला बोटात बळ लागते. कोणतीही बनावट म्हातारपणाला फसवू शकत नाही.

घरातली दुसरी बाजू

आणखी एक गोष्ट, जी आपण बोलायला संकोचतो. २००६ मध्ये आपल्या सैन्याने ठरवले की शुक्रवार-शनिवारी घरी जाणाऱ्या सैनिकांनी रायफल तळावरच ठेवावी. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. मुले तीच, दुःखे तीच, फक्त हत्यार हाताशी नव्हते. आपल्या वयात जोडीदार जातो, रात्री झोप येत नाही, घर रिकामे वाटते. कासेफेतची किल्ली कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न चोरासाठी जसा आहे तसा आपल्यासाठीही आहे. नातवंडांसाठी तर आहेच.

हेही लक्षात असू द्या की परवाना माणसाला असतो, घराण्याला नाही. आपल्या पश्चात ते पिस्तूल मुलांनी 'पप्पांची आठवण' म्हणून कपाटात ठेवले तर तो गुन्हा होतो. आपण असतानाच सोय करून ठेवावी.

भाऊंनी आठ दिवस विचार केला. मग ब्राउनिंग परवानाधारक दुकानात परत केले. मिळाले थोडेच पैसे. त्या पैशांत आणि थोडी भर घालून त्यांनी ममादच्या दाराला आतून बंद होणारी कडी बसवून घेतली. ममाद रॉकेटसाठी बांधलेले, आतून कुलूप लागत नसे, आणि त्या शनिवारी लोक दाराचे हँडल तासन्‌तास हाताने धरून उभे होते, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कडी अशी घेतली की वाकड्या बोटांनीही फिरते. मी स्वतः फिरवून पाहिली.

दुकानातून परत येताना भाऊ म्हणाले, "पिस्तूल चांगले होते हो."

चांगले होतेच. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात बळ आहे, नजर शाबूत आहे, जे नियमाने मतवाखवर जातात आणि ज्यांचे ९ मिमीचे जुने पिस्तूल कारागिराने तपासले आहे, त्यांनी मुलांच्या आग्रहापायी नवे घेण्याची गरज नाही. बाकीच्यांनी पुढच्या वेळी मतवाखवर जाताना पिस्तुलाबरोबर स्वतःचे हातही तपासून घ्यावेत.